माझ्यासाठी उठवलेल्या बाया

"टोपली बाहेर ठेव. तू पण बाहेरच बस."

दवाखान्यातला कंपाउंडर माझ्या आयला असं म्हणाला. मी तेव्हा चौथीत होते. आय पाचूबंदरहून डोक्यावर टोपली घेऊन वसईच्या बाजारात मासळी विकायला यायची. शिंगाळा माशाचा काटा तिच्या बोटात घुसला होता आणि हात मनगटाच्या वर सुजला होता. आतली बाकं रिकामी होती. आम्ही पायरीवर बसलो. डॉक्टर दारापर्यंत आले, नाकाला रुमाल लावला, लांबूनच बघितलं. "ह्यांना आत घेतलं की दिवसभर वास जात नाही," असं कंपाउंडरला म्हणाले. तिच्या हाताला त्यांनी हात लावला नाही. गोळ्या तेवढ्या दिल्या. आठ दिवसांनी सरकारी दवाखान्यात आयचं ते बोट कापावं लागलं.

त्या दिवशी मला राग आला नव्हता. लाज वाटली होती. आयच्या वासाची. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पुढे मी डॉक्टर झाले. कशी झाले ते सांगत बसत नाही. आयने नऊ बोटांनी मासळी विकली, एवढं पुरे. गोखिवऱ्यात दवाखाना टाकला. एकच नियम ठेवला, आधी हात लावायचा, मग औषध लिहायचं. गर्दी वाढली, नाव झालं. मग पक्षाची माणसं आली. "ताई, कोळ्यांची शिकलेली पोर आम्हाला पाहिजेच." मला वाटलं, एका दवाखान्यात बसून मी कितीजणांना हात लावणार? सरकारात गेले तर सगळ्याच दवाखान्यांची दारं उघडतील. भाबडी होते. नगरसेविका झाले, आमदार झाले, शेवटी आरोग्य खात्याची राज्यमंत्री.

खातं मोठ्या मंत्र्यांचं. मला फक्त फिती कापायच्या. "फायलींचं आम्ही बघतो ताई, तुम्ही दौरे करा." केले दौरे. शाल, नारळ, गुच्छ. जाईन तिथे फरशी नुकती पुसलेली, चादरी कोऱ्या, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नाहीत. निम्म्या खाटा रिकाम्या. मी डॉक्टर आहे. सरकारी वॉर्डात निम्म्या खाटा कधी रिकाम्या असतात? कळत होतं सगळं. विचारलं नाही. थकले होते, हे खरं. पण खुर्ची मऊ होती, हेही खरंच.

मग आमच्या वसईतल्याच एका सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी मशीनचं उद्घाटन ठरलं. फीत कापायच्या आधी म्हटलं, संडास बघू कसे ठेवलेत. मी मागच्या दाराकडे वळले. "मॅडम, तिकडे नको," म्हणत अधीक्षक मागे धावले. तोवर मी दार उघडलं होतं.

मागच्या पायऱ्यांवर उन्हात बायाच बाया. कुणाच्या हाताला सलाईनची सुई तशीच. कुणाच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर. तिसऱ्या पायरीवर आय. पायाला मळकी पट्टी.

मी सरकारी बंगल्यात राहायला गेले, ती आली नाही. पाचूबंदरलाच राहिली. तिच्या पायाची जखम साखरेमुळे चिघळली होती आणि मला, आरोग्याच्या मंत्र्याला, पत्ता नव्हता.

"आय, तू इथे?"

"दर मंगळवारी येतंय पट्टीला. आज उठवलं. मंत्री येनार म्हनं."

"अगं, मग सांगायचं ना, मी तुझी मुलगी आहे म्हणून!"

"सांगितलं असतं तर मना एकटीला आत घेतलं असतं. ह्या बायांचं काय?"

मग हळू आवाजात म्हणाली, "तू जा आत. तुज्या साडीला वास लागंल."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"मॅडम, पाहुणे थांबलेत. फीत..." अधीक्षक म्हणाले.

"राहू दे फीत. आधी ह्या सगळ्या आत जातील. शेवटची बाई तपासून झाली की मी उठेन."

आयचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागले. जखमेला वास येत होता. मी तोंड फिरवलं नाही.

संध्याकाळी मोठ्या मंत्र्यांचा फोन आला. "खात्याची अब्रू घालवलीत. पुढच्या तिकिटाचा विचार करावा लागेल."

"करा," मी म्हटलं.

आता माझ्या दौऱ्याचं पत्रक निघत नाही. न कळवता जाते आणि मागच्या दाराने शिरते. अधिकारी चिडलेत, पक्ष तर चिडलाच आहे. खुर्ची जाणार, मला ठाऊक आहे. थकवा काही गेलेला नाही. पण आहे तोवर, पाहुण्यासाठी आजाऱ्याला खाटेवरून उठवणाऱ्या एकालाही सोडणार नाही. नावं लिहायला घेतली आहेत. पहिलं नाव माझं आहे.