ताईच्या नावाचा नकार

परदेशात एका बाईंच्या कारखान्यात उभा राहून मी एकाच वेळी दोन बायकांशी खोटं बोललो. दोघींना एकमेकींची भाषा पुरती येत नव्हती आणि दोघींनीही मला दुभाषा मानलं होतं. त्यातली एक माझी सख्खी थोरली बहीण. हे आधीच सांगून टाकतो, कारण ताईबद्दल चांगलं लिहायला बसलो की आपण फार गुणी भाऊ असल्यासारखं मला वाटू लागतं. मी तसा नव्हतो.

ताई पेणला गणपतींचे डोळे काढते. आमच्याकडे याला आखणी म्हणतात. साचा, रंग, दागिने सगळं दुसऱ्यांनी करायचं आणि शेवटी मूर्ती ताईसमोर यायची. तिचा एक नियम आहे, एक डोळा काढून उठायचं नाही. वीज जावो, मालकाचा फोन येवो, दुसरा डोळा होईपर्यंत ती जागची हलत नाही. नवी सून असताना सासऱ्यांनी जेवायला हाक मारली तेव्हाही हलली नव्हती. "देवाला काणा ठेवून मी भात गिळू?" असं ती त्यांना म्हणाली. सासरे बिचारे ताटावर थांबून राहिले आणि पुढे गावभर हा किस्सा स्वतःच सांगत फिरले.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, धाकटा सुहास चार, ताई सतरा. आम्ही रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहायचो. नदीवरचा पूल ओलांडून रोह्यातल्या एका छोट्या कारखान्यात ताई कामाला जायला लागली. तिथून फुटक्या मूर्तींची तोंडं घरी आणायची आणि त्यांवर डोळ्यांचा सराव करायची. मी समोर बसून शाळेचा धडा मोठ्याने वाचायचा, ही तिची अट. मध्येच मान वर न करता म्हणायची, "ते परत वाच. मला समजलं नाय म्हंजे तुलाबी नाय समजलं, बाळ्या." मी पुढे रोह्याजवळच्या एका कंपनीत केमिस्ट झालो, सुहास पुण्यात संगणकाच्या कामात गेला. दोघांचा पाया त्या फुटक्या तोंडांसमोर घातला गेला.

स्पॅनिश शिकायचं खूळ सुहासचं. त्याच्या कामाला ती भाषा हवी होती. त्याने शोधून काढलं की ग्वातेमाला देशात अँतिग्वा नावाच्या जुन्या गावात एका विद्यार्थ्याला एक शिक्षक देतात आणि राहायला कुणाच्या तरी घरी ठेवतात. चार आठवडे शिकायचं, मग दोन आठवडे पाठीवर सॅक टाकून भटकायचं, आणि जायचं तर तिघांनी, असं त्याने ठरवून टाकलं. गणपती होऊन गेले होते, ताईला उसंत होती. आमचे वडील, नाना, ताईकडे पेणला असायचे. भावोजी गेल्यापासून ती दोघंच त्या घरात होती. दीड महिन्यासाठी नानांना आम्ही अष्टमीला माझ्या घरी आणलं, माझ्या बायकोवर सोपवलं आणि निघालो. तिची सॅक मी उचलायला गेलो तर म्हणाली, "ठेव खाली. तुझ्या पाठीला बेल्ट हाय, माझ्या नाय." सॅकमध्ये पोह्याचे पापड आणि कापडात गुंडाळलेले ब्रश होते.

वर्गात ती दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या शिक्षिकेने, मारिता नावाच्या तरुण मुलीने, हात टेकले आणि तिला घेऊन सरळ बाजार गाठला. ताईची पद्धत साधी होती. कांदा उचलायचा, "कांदा" म्हणायचं, आणि समोरची बाई तिच्या भाषेतलं नाव सांगेपर्यंत हसत उभं राहायचं. "पहिलं आपलं द्यायचं, मंग त्यांचं घ्यायचं," असं ती आम्हाला समजवायची. दोन आठवड्यांत त्या बाजारातल्या निम्म्या बायका तिला लांबूनच "ताई, कांदा" म्हणून हाका मारायच्या. सुहास आणि मी खोलीत बसून क्रियापदांचे तक्ते घोकत होतो. मला वाक्यं जुळवता यायची पण तोंड उघडायला लाज वाटायची. ताईला वाक्य येत नव्हतं आणि लाजही येत नव्हती. शेवटी तिच्याबरोबर बाजारात उभा राहूनच मी बोलता झालो. आज मला जी तोडकीमोडकी स्पॅनिश येते ती मी ताईच्या मागे पिशवी धरून शिकलो आहे.

मारितानेच तिला दोन्या एल्वीरांकडे नेलं. दोन्या म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं. सत्तरीच्या या बाई आपल्या छोट्या कारखान्यात चर्चमधल्या जुन्या लाकडी संतांचे चेहरे दुरुस्त करायच्या. ताई तिथे गेली आणि परत बाजाराकडे वळलीच नाही. रोज दुपारी तिथेच. संध्याकाळी मला सांगायची, "आपला देव दीड दिवसात नायतर दहा दिवसात पाण्यात जातो. चुकलं माकलं तो पोटात घेतो. यांचा दोनशे वर्षं तसाच उभा. बायच्या हाताला किती भ्या वाटत असंल." एकदा बाईंनी तिला एका संताच्या पापण्या रंगवायला दिल्या. एक पापणी झाली आणि जेवणाची हाक आली. ताई उठली नाही. बाई दारात थांबल्या, तिची दुसरी पापणी पुरी होईपर्यंत थांबल्या, आणि मग आत येऊन त्यांनी तिच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. बाईंचे हात कापत होते. ते वयाने कापायचेच.

शाळा संपली त्या दिवशी बाईंनी ताईबरोबर मलाही मुद्दाम कारखान्यात बोलावून घेतलं. सुहास ज्वालामुखीचा डोंगर चढायला गेला होता, मारिता वर्गात होती. बाई सावकाश, मला कळेल असं बोलल्या. ईस्टरच्या मिरवणुकांआधी खूप चेहरे करायचे आहेत, माझा हात आता चालत नाही. तुमच्या बहिणीने तीन महिने माझ्याकडे राहावं, माझ्या घरात, मला येतं ते सगळं मी तिला देईन. तिला विचारा.

ताई माझ्याकडे बघत होती. "काय म्हनतात रं?"

मला त्या क्षणी नाना दिसले. ताई राहिली तर आणखी तीन महिने नाना माझ्याकडे. त्यांना उठवणं, त्यांची अंघोळ, चिडचिड, बायकोच्या कपाळावरची आठी. इतकंच कारण होतं, आणि ते पुरलं.

"म्हणतात, तुझा हात फार चांगला आहे. पुन्हा कधी आलीस तर ये."

आणि बाईंना म्हणालो, "ताई म्हणते, जमणार नाही. तिला घरची ओढ लागली आहे."

बाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "बाय रडली का रं?"

"निरोप आहे ना," मी म्हणालो.

पुढचे दोन आठवडे आम्ही हिंडलो. ताई बसमध्ये शेजारच्या बायकांच्या टोपल्यांतून नवीन शब्द काढत राहिली, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नाना त्यानंतर तीन वर्षांनी गेले. ती तीनही वर्षं ताईकडेच होते. तेराव्यानंतर मी पेणला तिच्याकडे गेलो. ती मोड आलेले वाल सोलत बसली होती, बिरड्यासाठी. मीही सोलायला बसलो आणि सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, मी काय सांगितलं, का सांगितलं. कारणं जरा जास्तच सांगितली.

ती ऐकत राहिली. हात चालू होते.

"किती दिवस राहा म्हनाली?"

"तीन महिने."

"खोली देत होती?"

"हो. तिच्याच घरात."

तिने सोललेले वाल एका बाजूला सारले. मग म्हणाली, "मी राहिले नसते बहुतेक. नानांना तुमच्यावर टाकून माझा पाय निघाला नसता. पण नाय म्हनायचं तर मी म्हटलं असतं. माझ्या तोंडानं. तीन महिने राहायला मला बोलावणं आलं व्हतं, येवढं तरी मला ठावं असतं."

मी खाली बघत वाल सोलत होतो.

"आन् बायला काय वाटलं असंल? इतक्या मायेनं बोलावलं, नि ही ढिम्म. घरची ओढ म्हने." तिने हात पुसले. "मारिताला फोन लाव."

मारिता अजून तिला अधूनमधून व्हिडिओ फोन करते. इकडे संध्याकाळ होती, तिकडे सकाळ. मारिता म्हणाली, थांबा, मी चालत जाते. पाच-सात मिनिटं फोनवर नुसता रस्ता दिसत राहिला आणि मग दोन्या एल्वीरा दिसल्या, फार वाळलेल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "कांदा," आणि हसल्या. ताई हसली आणि फोन माझ्या हातात देऊन शेजारीच बसून राहिली.

माझी स्पॅनिश गंजली होती. तरी मी बोललो. "तुम्ही त्या दिवशी जे विचारलंत ते मी ताईला सांगितलंच नाही. तुम्हाला जे उत्तर दिलं ते तिचं नव्हतं, माझं होतं. मला माफ करा."

परक्या भाषेत तो शब्द सहज निघाला. बाई काही बोलायच्या आत मी ताईकडे वळलो. आमच्या घरात बहिणीची अशी माफी कुणी कधी मागितलेली नाही. आम्ही काहीतरी खायला आणतो, नाहीतर गाडी काढून तिला कुठेतरी सोडून येतो. दोनदा तोंड उघडून मी मिटलं. ताई थांबली होती. तिने मला मदत केली नाही.

"ताई," मी म्हणालो, "मला माफ कर."