नळाला पाणी कधी?

लातुरात आमच्या शेजारी राहणारा एक जण मोबाइलची ॲप बनवतो. त्याचं ऑफिस म्हणजे गच्चीवरच्या टाकीची सावली. ती सरकेल तशी त्याची खुर्ची सरकते.

कोणत्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, हे सांगणारं ॲप त्यानं बनवलं. रोज सकाळी तो पाणी सोडणाऱ्या मामांना फोन करतो आणि ऐकलेलं ॲपमध्ये भरतो. अख्ख्या कॉलनीनं ते कौतुकानं घेतलं. त्यात मदतीसाठी म्हणून त्याचा नंबर दिलेला आहे. बायका तेवढाच वापरतात.

"पाणी कधी हाय रे?"

"काकू, ॲपमधी लिवलंय की."

"ते दिसायलंय. पण तू सांग."

मग तो स्वतःचं ॲप उघडतो, घसा खाकरतो आणि आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसं वाचून दाखवतो. चिडत नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणतो, "वहिनी, पुढच्या अपडेटला अक्षर मोठं करतो." अडचण अक्षराचीच आहे, असं त्याला मनापासून वाटतं.

परवा मी वाळवण घालायला गच्चीवर गेले, तर तो डोकं धरून बसलेला. मोठ्या अक्षराचं अपडेट टाकल्यापासून ॲप कुणाच्याच मोबाइलवर उघडत नव्हतं, आणि ते त्याला आठवड्यानं कळलं होतं.

"एकानं बी सांगितलं न्हाई ओ, वहिनी."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं ॲप उघडलं. तेवढ्या एकाच मोबाइलवर ते अजून चालत होतं. मग त्यानं घसा खाकरला.