तिसऱ्या वेचणीतली पूजा

११ फेब्रुवारी, रविवार. मावला गावच्या फंक्शन हॉलमागे मी ज्वारीच्या भाकरी थापत होते. हॉलमध्ये माहितीपटांचा दोन दिवसांचा महोत्सव चालू होता आणि पाहुण्यांच्या जेवणाचं काम मी अंगावर घेतलं होतं. भाकरी उरकल्या तशी हात धुऊन आत जाऊन बसले. दुपारचा पहिला चित्रपट माझ्या भाचीचा होता, आणि त्यात मी होते.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. हैदराबादला शिकली. वर्षभर कॅमेरा घेऊन बाजारहत्नूरकडे आमच्या गावी येत राहिली आणि कापूस वेचणाऱ्या बायांवर तिने हा चित्रपट केला. हैदराबादच्या मोठ्या महोत्सवाने तो निवडला होता. शेवटची प्रत सोमवारी पाठवायची होती.

माझ्या लहानपणी माहितीपट म्हणजे सरकारी गाडी. शाळेच्या भिंतीवर पडदा लावून फवारणी कशी करावी ते दाखवायची आणि निघून जायची. आता लोक फोनवर खरी माणसं, खरी कामं बघायला सरावलेत, त्यांना त्याची चटक लागली आहे. पण फोनला प्रश्न विचारता येत नाही. महोत्सवात चित्रपट करणारी समोर उभी असते. त्या दिवशी खुर्च्या संपल्या, बाया सतरंजीवर बसल्या.

चित्रपटाची सुरुवात पूजेने होते. कापसाची पहिली वेचणी असते तेव्हा आम्ही बांधाजवळच्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, ताज्या कापसाचा धागा गुंडाळतो आणि दहीभात ठेवतो. वर्षातून एकदाच. पडद्यावर ते मी करत होते.

चित्रपट संपला, टाळ्या झाल्या. भाची माइक घेऊन उभी राहिली. भैंशाकडची एक बाई सतरंजीवरूनच बोलली, "पोरी, हे पयली वेचणी नोहे. खालची बोंडं सारी रिकामी, पानं लाल झाले. आमाले येडं समजून राह्यली काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "दोनदा दहीभात खाऊन पऱ्हाटीले अजीर्ण झालं असन वो!"

हॉल हसला. भाचीचा चेहरा उतरला.

मी उठले. "बाई, तुमचं बरोबर हाय. पयल्या वेचणीले पोरगी येऊ शकली नाई, आली तवा तिसरी चालू होती. मीच म्हटलं, पुन्हा करू, कोणाले काय कळते?"

"आमाले कळते ना!" ती म्हणाली. "केलं त केलं. लपवता काऊन?"

शहरातल्या लोकांना कळणार नाही, एवढाच विचार मी केला होता. कापूस पिकवणारेही चित्रपट बघायला येतील हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मावशी, मी ती पूजाच कापून टाकते. हैदराबादला कोणी असं उठून बोललं तर माझ्या एकाही दृश्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"कापू नको. पुन्हा केली म्हणून सांग."

"सुरुवातीलाच? लोक म्हणतील, इथूनच खोटं."

"त्या बाईनं म्हटलं का? आपण लपवलं म्हणून तिनं धरलं. आणि पूजेनंतरचा सारा चित्रपट बसून पाह्यला तिनं, उठून गेली नाई."

ती म्हणाली, "सांगायचं तर तू सांग. तुझ्याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंबड्या परसात हाकलल्या, पंखा बंद केला आणि तिच्या माइकसमोर बसले. "ही पूजा पहिल्या वेचणीची. कॅमेरा उशिरा आला, म्हणून आम्ही ती तिसऱ्या वेचणीला पुन्हा केली." पहिल्यांदा फारच पुस्तकी झालं. दुसऱ्यांदा घरच्यासारखं बोलले, तेच तिने ठेवलं. तिने प्रत पाठवली तशी मी शेतात गेले. पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्या होत्या.