मधला वॉल्व्ह

सात वर्षांत ही गोष्ट माझ्या ओठांपर्यंत दोनदा आली. एकदा बायकोसमोर, एकदा तापात. दोन्ही वेळा मी प्यायला पाणी मागितलं आणि विषय तिथंच संपला. आज तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की आता पोटात मावत नाही, म्हणून? कारण शोधत बसलो तर आजही राहून जाईल.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, गडचिरोलीच्या बाजूला. घरोघरी जाळी. गावात केवळराम भाऊ म्हणून एक माणूस आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मला पाण्याखाली डोळे उघडे ठेवायला त्यानं शिकवलं. कुठं कुणी बुडालं की लोक केवळभाऊकडं यायचे — पार मुलचेऱ्यापासून माणसं गाडी घेऊन यायची. हवेची टाकी नाही, चष्मा नाही, छातीत भरून घेतलेल्या एका दमावर तो तळाशी जायचा. बुडालेला माणूस सापडला की आधी त्याच्या अंगावर स्वतःचा दुपट्टा टाकायचा आणि मगच काठाकडं हाक मारायचा. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाला, "त्याच्या मायनं त्याले तसा नाई पाहाव."

अशा माणसाचं मी काय केलं, ते सांगायचं आहे.

एका ठेकेदारानं आम्हा दोघांना पाणबुडे म्हणून कामाला घेतलं. दोन वर्षं आम्ही पाठीवर एकच टाकी घेऊन कामं केली — नदीतल्या विहिरींच्या जाळ्या साफ करायच्या, पंपाच्या तोंडाशी अडकलेली लाकडं काढायची. सोपं काम. काही बिघडलं तर वर यायचं, वर हवा आहेच.

मग चंद्रपूरकडच्या एका बंद कोळसा खाणीचं काम आलं. खाणीचा उतरता बोगदा पाण्यानं भरलेला होता. आतली जुनी भिंत अजून उभी आहे का, एवढं पाहून यायचं. पण बोगद्यात डोक्यावर छत असतं, बिघडलं तरी वर येता येत नाही. आलात त्याच वाटेनं, दोरी धरून परत जावं लागतं. म्हणून तिथं पाठीवर दोन टाक्या. आम्हाला शिकवायला केरळचे एक सर आले. पाण्यातल्या गुहांमध्ये उतरलेला माणूस, हिंदीत बोलायचे.

दोन टाक्यांच्या डोक्यांवरून एक आडवी नळी जाते आणि तिच्यावर तीन वॉल्व्ह असतात. डावा, उजवा, मधला. मधला उघडा असेल तर दोन्ही टाक्या मिळून एक होतात. तो बंद असेल तर दोन टाक्या वेगळ्या — आणि मग खरी गोम अशी, की श्वास उजव्या टाकीतून येतो, पण हवा किती उरली ते दाखवणारा काटा डाव्या टाकीवर असतो. म्हणजे इकडं टाकी रिकामी होत जाते आणि काटा भरलेला दाखवत राहतो.

हे एवढं लक्षात ठेवा.

आधी एका उघड्या दगडखदानीच्या पाण्यात महिनाभर सराव झाला. मी लवकर शिकलो. भाऊला जड गेलं. जोडटाकी पाठीवर आली की तो पाण्यात कलंडायचा, हातपाय हलवत पोट वर करायचा. मी त्याला कासव म्हणायचो. सगळ्यांसमोर. तोही हसायचा. नदीत ज्याच्यापुढं मी कोणीच नव्हतो, तो इथं माझ्याहून कमी होता — आणि मला ते आवडत होतं. हेही कबूल करायलाच हवं ना?

त्याचा खांदा जुना दुखरा. हात मागं वळवून मधल्या वॉल्व्हपर्यंत पोचायचा नाही. सरांचा नियम होता की ज्यानं त्यानं आपापले तिन्ही वॉल्व्ह तपासायचे. भाऊ मला म्हणायचा, "दिवाकर, माहा हात नाई पोचत बीचवाल्याले. तू पाह्य." मी पाहायचो. रोज पाहायचो.

बोगद्यात उतरायच्या आदल्या दिवशी भाऊच्या उजव्या टाकीची रबरी रिंग गळत होती. मी मधला वॉल्व्ह बंद केला, तेवढी एक टाकी रिकामी केली, रिंग बदलली, टाकी पुन्हा भरली. सरांनी पाठ थोपटली. मधला उघडायचा राहिला.

सकाळी पाण्याच्या कडेला भाऊनं विचारलं, "बीचवाला पाह्यला का?"

"पाह्यला, भाऊ," मी म्हणालो. न पाहता. मी माझे पट्टे ओढत होतो.

आम्ही उतरलो. पुढं मी, मागं तो, मध्ये दोरी. पाणी काळं, टॉर्चच्या उजेडात कोळशाची भुकटी तरंगत होती. सरांनी ठरवून दिलं होतं — हवेचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखून. वीसेक मिनिटांनी माझा पहिला हिस्सा संपत आला. मी वळून भाऊला त्याची हवा विचारली. त्यानं काटा उजेडात धरून दाखवला. भरलेला. जसाच्या तसा. चष्म्यामागं त्याचे डोळे हसत होते, जणू म्हणत होता, बघ, कासवाला हवा कमी लागते. मी बोटांनी 'ठीक' केलं आणि परत फिरायची खूण केली.

परतीच्या वाटेवर, अर्ध्यावरही आलो नसू, माझ्या पोटरीला मागून हात लागला. मग कंबरेला. वळलो तर भाऊचा तळहात गळ्यावरून आडवा फिरत होता — हवा नाही. मी माझ्या तोंडातली लांब नळी त्याला दिली, गळ्यात अडकवलेली राखीव नळी स्वतः घेतली. त्यानं माझा दंड धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. माझ्या टाक्यांतल्या हवेवर आम्ही दोघं बाहेर आलो.

हो, मी त्याला वाचवलं. लोक हेच सांगतात. खोटं नाही ते — आणि तरी केवढं खोटं आहे.

बाहेर भाऊ कंबरभर पाण्यात वाकून ओकत होता. टाक्या अजून पाठीवरच. मी मागून त्यांचा भार धरला होता. वरती जनरेटर धडधडत होता. सर पायऱ्या उतरून येत होते — सात-आठ पायऱ्या. मी डावा हात मधल्या वॉल्व्हवर नेला. बंद होता. मी तो फिरवला, पूर्ण. आत सूं झालं. भरलेल्या टाकीतली हवा रिकाम्या टाकीत गेली, आणि सर पोचेपर्यंत काटा उतरून अर्ध्यावर आला.

सरांनी तिन्ही वॉल्व्हवर हात फिरवला. तिन्ही उघडे. काटा पाहिला. तोंडातली नळी दाबून पाहिली, हवा येत होती.

"हवा तो है," सर म्हणाले.

"बंद हो गया, सर," भाऊ धापा टाकत म्हणाला. "काटा पूरा भरा था, और हवा आयाच नहीं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. ते जाणते होते, त्यांना शंका आलीच होती. "दिवाकर, बीचवाला खुला था? तूने चेक किया था?"

"हाँ सर. खुला था. मैंने खुद देखा."

सरांनी काटा पुन्हा एकदा पाहिला. मग भाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होता है. छत के नीचे अच्छे अच्छे डर जाते हैं. काटा भी ठीक से नहीं दिखता."

भाऊ माझ्याकडं पाहत होता. मी त्याचे पट्टे सोडवत राहिलो.

इथवर सांगून थांबता आलं असतं. एक चूक, मग भीती, मग एक खोटं. तुम्ही कदाचित मनात म्हणालाही असाल, माणूस आहे, होतं. पण अजून एक राहिलं आहे — आणि तेच खरं आहे.

बोगद्यात भाऊनं भरलेला काटा दाखवला ना? तेव्हाच मला कळलं होतं.

वीस मिनिटं श्वास घेऊन काटा हलत नाही, याचा अर्थ एकच. आदल्या दिवशीचा माझा हात मला तिथंच आठवला. भाऊ माझ्यापासून हातभर होता. त्याच्या मानेमागं हात घालून वॉल्व्ह फिरवायला किती वेळ लागला असता? श्वास दोन श्वास. पण त्याला ते कळलं असतं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं असतं, सरांना कळलं असतं. ज्याला सगळे हुशार म्हणत होते, त्याचं हसं झालं असतं. मी हिशेब केला — परतच जातो आहोत, पुरेल. बाहेर गेल्यावर गुपचूप उघडून टाकू. आणि बोटांनी 'ठीक' केलं.

मी त्याच्या जिवाचा अंदाज बांधला, माझं हसं होऊ नये म्हणून. अंदाज चुकला.

भाऊ पुन्हा बोगद्यात उतरला नाही. ठेकेदारानं त्याला काठावर दोरी धरायला ठेवलं, महिन्याभरात तो तेही सोडून गावी आला. एका संध्याकाळी जाळं विणता विणता मला म्हणाला, "तू होता म्हनून जित्ता हावो मी. पन खरं सांग दिवाकर, भेलो होतो का रे मी? मले तं काटा भरलेलाच दिसला."

याहून मोठी संधी कुणाला मिळते? त्यानं स्वतः दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "होते भाऊ कधीकधी. मनावर नको घेऊ."

त्यानं मान हलवली. त्याच्या बायकोनं माझ्यासमोर चहा ठेवला. "तुमच्यानं माहं कुकू राह्यलं, दिवाकरभाऊ," म्हणाली. चहा मी प्यालो.

पुढच्या पावसाळ्यानंतर शेजारच्या गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, एक तरुण बुडाला. लोक केवळभाऊकडंच आले. तो अंगणात बसून राहिला. म्हणाला, "आता माह्याच्यानं नाई होत. दिवाकरले न्या." मी टाकी घेऊन गेलो. त्या तलावाचा तळ भाऊला घरासारखा माहीत — कुठं गाळ, कुठं शिंगाड्याच्या वेलांचं जाळं. त्यानं तासाभरात काढला असता. मला दोन दिवस लागले. त्या मुलाची आई दोन दिवस तलावाच्या पाळीवर बसून होती, पाण्याकडं तोंड करून. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर आणला तेव्हा अंगावर टाकायला माझ्याजवळ काही नव्हतं. तिनं त्याला तसाच पाहिला.

त्या दोन दिवसांचं ओझंही माझंच आहे. मी ते कधी कुणापुढं उचललं नाही.

आता मी शिकवतो. सर केरळला परत गेले, त्यांच्या जागी मी. एका टाकीवरून दोन टाक्यांवर येणारी नवी मुलं असतात. त्यांना भीतीबद्दल सांगताना मी एक गोष्ट सांगतो — एक मोठा पोहणारा होता, टाकीत अर्धी हवा होती, तरी घाबरला आणि मरता मरता वाचला. नाव घेत नाही. दरवर्षी सांगतो. चांगली वठते.

या वर्षीच्या तुकडीत वैशाली आहे, केवळभाऊची मुलगी. भाऊ स्वतः तिला घेऊन आला होता. "तुह्या भरोशावर सोडून राह्यलो," म्हणाला. मागच्या आठवड्यात मी भीतीचा धडा घेतला. ती पहिल्या ओळीत बसली होती. मला माहीत होतं ती आहे. गोष्ट मी गाळू शकलो असतो.

नाही गाळली.

सांगून झाल्यावर तिनं हात वर केला. घरी मला काका म्हणते, तिथं सर म्हणते. उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ते माहे बाबा व्हय ना? बाबा बी असंच सांगते. म्हणते, हवा होती, मीच भेलो, तू नको भिऊ."

सगळे तिच्याकडं पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खात्री करून घ्यायची होती, एवढंच.

"हो," मी म्हणालो. "बस."

ती बसली, आणि मी सांगितलेलं वहीत उतरवून घेऊ लागली.