सायीच्या डब्यातला लिस्टेरिया

गेल्या पावसाळ्यात मी जयसिंगपूरला एक फोन केला होता... त्याची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत, त्या घराला विचारूनच लिहितेय.

मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये लिस्टेरिया नावाच्या जिवाणूच्या जनुकांचा अभ्यास करते. हा खाण्यातून पोटात जातो आणि क्वचित कुणाच्या मेंदूपर्यंत पोचतो. पोचणाऱ्यांत वेगळं काय असतं, ते आम्ही शोधतोय.

जयसिंगपूरच्या सुनंदाकाकूंच्या मेंदूपर्यंत तो पोचला होता. तापात बरळायला लागल्या, माणसं ओळखेनात. हॉस्पिटलने मणक्यातलं पाणी तपासलं तेव्हा जिवाणू सापडला, आणि नमुना आमच्याकडे आला.

मग मी त्यांच्या मुलाकडून, महावीरकडून, त्यांच्या फ्रीजमधले पदार्थ मागवले. हा जिवाणू थंडीतही वाढतो. लोणी काढायला साठवलेली साय होती ना... त्या डब्यात तो निघाला.

काकूंच्या जिवाणूशी त्याची जनुकं जुळतात का हे कळायला वेळ लागणार होता, पण मी लगेच महावीरला फोन केला. साय टाका, फ्रीज धुवा असं सांगितलं, आणि घरात ती अजून कोण खातं ते विचारलं.

"बायको खाती की. सहावा महिना हाय तिचा, भाकरीवर सायच लागती."

ताप वगैरे आहे का, मी विचारलं.

"दोन दिवस कणकण हाय. हवाच तशी हाय म्हणून सोडून दिलं..."

गरोदर बाईला हा ताप साधा वाटतो, पण जिवाणू बाळापर्यंत जाऊ शकतो. "आजच डॉक्टरांकडे न्या," मी म्हटलं. "आईंना काय झालं होतं ते आधी सांगा."

स्नेहल त्याच संध्याकाळी ॲडमिट झाली, इंजेक्शनं सुरू झाली. रक्तात लिस्टेरिया निघालाच. पुढे जनुकं वाचली तेव्हा काकू, साय आणि स्नेहल... तिन्हीकडचा जिवाणू एकच होता.

त्यानंतर मी महावीरला फोन करायचं टाळत राहिले. काय ऐकायला मिळेल याची भीती वाटायची.

परवा सगळे लॅबमध्ये आले. स्नेहलच्या मांडीवर मुलगी, अगदी ठणठणीत. काकू एक पाय अजून ओढत चालतात.

काकूंना त्यांचा जिवाणू बघायचा होता. फ्रीझरमधली बोटाएवढी नळी दाखवली. बराच वेळ बघत राहिल्या.

"ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी," म्हणाल्या. "शिका त्याच्यावर."

जाताना त्या माझे आभार मानत होत्या... खरं तर मीच मानायला हवे होते. स्नेहलपर्यंत वेळेत पोचता आलं, ते काकूंच्या त्या नमुन्यामुळे.