खोकला थांबेपर्यंत

मी सर्जन झालो तो माझ्या थोरल्या वहिनीमुळे. तळेगावपलीकडच्या आमच्या गावातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. मी शाळेत जायचो तेव्हा माझ्या वाट्याची गुरे ती राखायची. "शिकू द्या त्याला, तसाही शेतात काही कामाचा नाही," असे सांगून तिने माझ्या थोरल्या भावाला, दादांना पटवले होते.

सत्तावन्न साली मी पुण्याच्या एका इस्पितळात हाउस सर्जन होतो. सहा महिन्यांच्या मुदतीत एक तरी शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने करून दाखवली, तरच आमचे मोठे सर्जन पुढच्या जागेसाठी शिफारस करत. नाहीतर सर्जरी विसरायची. नेमकी तेव्हाच फ्लूची साथ आली. आमचा वॉर्ड तापाच्या रोग्यांनी भरला, तातडीच्या सोडून सगळ्या शस्त्रक्रिया थांबल्या आणि आम्हा शिकाऊ सर्जनांच्या हाती थर्मामीटर आले. मला चाकणच्या तात्पुरत्या दवाखान्यात धाडले.

हात टाके घालणे विसरू नये म्हणून मी रेशमी दोऱ्याने गाठी मारत बसे. खुर्चीला, कंदिलाला, कपाटाच्या कड्यांना. एका सकाळी कंपाउंडरला कपाट उघडेना. "डॉक्टर, औषधं पळून जातील म्हणून बांधलीत होय?" शेवटी मी घरी जुने कापड मागितले. वहिनीने अर्धी शिवलेली गोधडी पाठवली आणि निरोप दिला, "सरावच करायचाय ना? मग पुरी करूनच धाड."

चाकणच्या कांद्याच्या बाजारात एक हमालमामा होते. पोती उचलून उचलून त्यांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया झाला होता. साथीच्या आधीपासून ते आमच्या इस्पितळाच्या शस्त्रक्रियांच्या यादीत होते. पण फ्लूनंतर त्यांचा खोकला काही जाईना, आणि खोकणाऱ्या माणसाच्या पोटाचे टाके टिकत नाहीत. पुण्याला गेलो तेव्हा मोठे सर्जन मला म्हणाले, "वॉर्ड आता मोकळा होतोय. तुझ्या मुदतीत त्याचा खोकला थांबला तर केस तुझी."

तेव्हापासून मामांचा खोकला हेच माझे भवितव्य झाले. मी त्यांना वाफारे दिले, औषध पाजले, बिडी सोडायची शपथ घातली. ती पाळतात का बघायला बाजारात चकरा मारू लागलो. मी दिसलो की बाकीचे हमाल ओरडत, "मामा, इझवा! खोकल्याचा फौजदार आला!"

अंतर्गळ तपासताना रोग्याला मुद्दाम खोकायला लावावे लागते. मी म्हटले, "मामा, खोका बघू."

"काल म्हनला खोकू नगा, आज म्हनता खोका. एकदा काय ते ठरवा की राव!"

अखेर मामांचा खोकला गेला. मी त्यांना पुण्याला नेऊन दाखल केले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी मोठ्या सर्जनांपुढे उभा राहिलो आणि जोरात खोकलो. अंगही तापले होते.

"तू थिएटरात पाऊल टाकायचं नाहीस," ते म्हणाले. "उद्या दुसरा करेल."

मी खोलीवर जाऊन पडलो. तिकडे मामा मात्र खाटेवर मांडी घालून बसले. "माझी बिडी या डाक्टरानं सोडवलीया. आता त्येंचा खोकला जाईस्तवर मी हितंच बसतो. दुसऱ्याचा हात लावून घ्यायचा न्हाई."

ताप उतरला तरी खोकला राहिला. मामा रोज माझ्या दाराशी येऊन कान देत. आपल्या पुतण्याकडून अडुळशाचा पाला मागवून त्यांनी इस्पितळाच्या स्वयंपाक्याकडून काढा करून घेतला आणि समोर उभे राहून मला पाजला. "डाक्टर, खोका बघू," असे म्हणताना त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मोठ्या सर्जनांनी मला बोलावले. पाच मिनिटे समोर बसवून ठेवले. मी खोकलो नाही. "हात धू," ते म्हणाले.

मामांना पाठीत सुई देऊन फक्त कमरेखालून बधिर केले होते. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, "डाक्टर, आता तेवढं खोकू नगा हां!"

टाके काढल्यावर मी घरी पत्र लिहिले. ते असे:

"तीर्थस्वरूप वहिनी, नमस्कार. दादा हे वाचून दाखवतील. त्यांनी एकही ओळ गाळू नये.

शस्त्रक्रिया मी केली. मोठे सर्जन समोर उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. सगळे आटोपल्यावर त्यांनी विचारले, 'थिएटर बंद होतं, मग हात कुठे चालवलास?' मी म्हटले, 'वहिनीच्या गोधडीवर.' त्यांना ती थट्टा वाटली. शिफारस मात्र दिली.

मामा बरे आहेत. टाक्यांवर ताण नको म्हणून हसताना पोट धरायला सांगितले होते. परवा ते विसरले, आणि काही झाले नाही.

गोधडी सोबत पाठवतो आहे. सुरुवातीचे टाके वाकडे आहेत, ते उसवून तुमच्या हाताने घाला. शेवटच्या कडेचे तेवढे राहू द्या. ओढून बघा, सुटायचे नाहीत."