जाळ्यांना मारलेले बोल्ट

गोंदियातल्या एका विडी कारखान्यात मी मिस्त्री होतो तेव्हाची गोष्ट. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आजही आठवलं की डोकं तापतं.

विड्यांची बंडलं तारेच्या जाळ्यांवर मांडून भट्टीत शेकायची असत. बाया त्या जाळ्या हातांनी आत-बाहेर करायच्या आणि धुरानं खोकून बेजार व्हायच्या. म्हणून मी धानाच्या गिरणीतली जुनी चेन आणली आणि इंजिनावर भट्टीतून फिरवली. खरी डोकेफोड होती ती चेनला जाळी टांगायची. पहिले आकडे साधेच वाकवले, तर वळणावर जाळी हेलकावे खाऊन निसटली आणि सगळ्या विड्या राखेत. मग आकड्याला खोल खाच दिली. आता आडवं कितीही हलवा, जाळी सुटत नसे; सरळ वर उचलली की अलगद हातात. बाया फडक्यानं धरून जाळी उतरवत, पोत्यावर पालथी करत आणि भरलेली दुसरी टांगत. मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

पण कारखान्याचे मालक असलेल्या शेठजींच्या डोक्यात किडा वळवळला. "खुली जाली औरतें उठा ले जाएँगी. बोल्ट से कस दो."

अरे, हातभर रुंद लोखंडी जाळी नेऊन बाया करणार काय, पापड वाळवणार? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरीच झाली नव्हती! मी सांगून पाहिलं, जाळी पक्की केली तर चालत्या चेनवरून बंडलं वेचावी लागतील, कोणाचा तरी हात सापडेल; आणि चेन थांबवली तर आतला माल करपेल.

"मिस्त्री, कारखाना तुम्हारा है या मेरा?"

दोन दिवसांत सगळ्या जाळ्या माझ्याच हातांनी बोल्टनं आवळल्या.

भट्टीवर शेजारच्या कुडवा गावची एक बाई होती. सकाळी इथे काम करायची, दुपारनंतर घरी विड्या वळायची. विडीचं तोंड तिच्यासारखं दुमडणारं आसपास कोणी नव्हतं. त्यासाठी उजव्या तर्जनीचं नख वाढवलेलं असे. आठवड्याभरातच बंडल उचलताना तेच बोट जाळी आणि चेनच्या खांबाच्या मधे सापडलं. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं, पण दोन पेरं गेलीच.

"ध्यान कहाँ था उसका?" शेठजी म्हणाले. ध्यान! त्यांनी स्वतः एका जाळीवरची बंडलं वेचून दाखवायची होती.

त्याच दिवशी कोणाला न विचारता मी सगळे बोल्ट काढले आणि आकडे परत बसवले. शेठजी बघून गेले आणि आकडे तसेच राहिले.

महिन्याभरानं मी तिच्या घरी गेलो. ती घरापुढच्या छपरीत बसून डाव्या हातानं तेंदूपत्ता कापून बघत होती. मी शेठजींना शिव्या घालायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली.

"शेठजीले चेनीतलं काय समजते?" ती म्हणाली. "तुमाले तं समजत होतं ना, मिस्त्री? मंग बोल्ट काऊन आवळले?"